दुखतंय ते वय नव्हे, सायकलचं माप

पत्र : ‘मी ४६ वर्षांची आहे. सिंहगड रोडला आनंदनगरमध्ये राहते, ऑफिस शिवाजीनगरला. मुलगा शिकायला नागपूरला गेला आणि त्याची गिअरची सायकल पार्किंगमध्ये धूळ खात पडली. संक्रांतीनंतर मी ती बाहेर काढली. तीन आठवडे झाले, रोज सायकलनेच जाते. जायला पाऊण तास लागतो. पण आता बसायची जागा इतकी दुखते की ऑफिसात खुर्चीवर बसवत नाही. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. संध्याकाळी गुडघे ठणकतात. पाठीवरच्या सॅकखाली ड्रेस ओला होतो आणि तसंच लोकांसमोर बसावं लागतं. सलवारीला चेनचं काळं लागतं. घरचे म्हणतात, या वयात हे कशाला, दारात स्कूटर आहे ना. मला सोडायची नाहीये. पण हा त्रास सवयीने जाईल, की माझ्या वयाला हे झेपणारच नाही? स्पष्ट सांगा. नाव कृपया छापू नका.’

उत्तर :

ताई, स्पष्टच सांगते. तुमच्या वयाचा यात काही दोष नाही. तुम्ही लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीला सायकलवर एक ठरलेलं ठिकाण आहे, आणि त्या ठिकाणी हात घातला की ती तक्रार जाते. सायकल तुमच्या मुलाच्या मापाची आहे. दुसऱ्याच्या चपला घालून रोज सिंहगड चढावा तसे तुम्ही तीन आठवडे काढलेत. त्यात पाय सोलवटले तर पायांना नावं ठेवायची नाहीत.

आधी एक फरक मनात पक्का करा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दुखणं वेगळं आणि बधिर होणं वेगळं. नव्याने सायकल चालवणाऱ्याच्या बसायच्या जागेची हाडं पहिले दोन-तीन आठवडे हुळहुळतात, मांड्या भरून येतात. ते सवयीने जातं. बधिरपणा आणि मुंग्या मात्र सवयीने जात नाहीत. तिथे एखादी नस दाबली जाते आहे, आणि दाबणारी वस्तू हलवल्याशिवाय ती सुटत नाही. गुडघ्याचंही तसंच. म्हणून ‘होईल सवय’ असं म्हणून दात-ओठ खात जाणं या आठवड्यापासून थांबवा.

सुरुवात सीटपासून. माझा अंदाज सांगते, चुकला तर कळवा. मुलगा उंच असणार. सायकल घेतल्या घेतल्या तुम्ही सीट पार खाली बसवली असेल, सीटवर बसूनच दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी. सिग्नलला तोल जाऊ नये म्हणून जवळजवळ सगळ्याच जणी असं करतात. वर्षानुवर्षं मीही करत होते. पण इतक्या खालच्या सीटवर पाय पूर्ण उघडतच नाही. गुडघा सतत मुडपलेला राहतो आणि प्रत्येक पायडलला वाटीच्या मागे दाब येतो. पाऊण तासात असे दोन-तीन हजार दाब होतात. गुडघा पुढच्या बाजूला, वाटीपाशी दुखत असेल तर सीट खाली आहे असं समजा. मागच्या बाजूला, लवणीत दुखत असेल तर सीट फार वर आहे.

उंची ठरवायची जुनी आणि सोपी रीत अशी. भिंतीला हात टेकून सायकलवर बसा. ज्या चपला-बूट घालून जाता तेच पायात असू द्या. टाच पायडलवर ठेवा आणि पायडल पार खाली आणा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग चालवताना टाचेऐवजी चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप जेवढा हवा तेवढा हलका बाक राहतो. सीट एकदम इतकी वर नेऊ नका. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा-एक सेंटिमीटर वाढवा, पायांना अंदाज येऊ द्या. सीटच्या दांडीवर एक आडवी रेघ कोरलेली असते, ती रेघ बाहेर दिसेल इतकी दांडी कधीच वर काढायची नाही. मागून कोणाला तरी बघायला सांगा. पायडल मारताना कमर डावी-उजवी हेलकावे खात असेल तर सीट थोडी जास्त झाली.

‘मग सिग्नलला पाय कसा टेकू?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. सीटवर बसून टेकायचाच नाही. ब्रेक लावत सायकल थांबायला आली की सीटवरून पुढे सरकून खाली यायचं, मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय घेऊन उभं राहायचं. निघताना एक पायडल वर आणून ठेवायचं, त्यावर उभं राहून जोर दिला की सायकल पुढे जाते आणि आपण त्याच झोक्यात सीटवर बसतो. सोसायटीच्या आवारात रविवारी सकाळी वीस-पंचवीस वेळा करा. हे एवढंसं कसब शिकायला मला फार उशीर झाला, आणि तोवर गुडघ्यांवरचं तेल फुकट गेलं. मन लावून शिका ही माझी तुम्हाला अगदी आग्रहाची विनंती आहे.

याच वेळी आणखी एक तपासणी होते. तसं उभं राहिल्यावर, दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले असताना, दांडा आणि तुमच्यात तीन-चार बोटं मोकळी राहतात का? राहत असतील तर ही सायकल तुमच्यापुरती जुळवून घेता येईल. राहत नसतील, दांडा टोचत असेल, तर सायकलचा सांगाडाच मोठा आहे. मग कुठलीही सीट आणि कुठलंही हँडल घालून उपयोग नाही. अशा वेळी मुलाशी बोलून ती विका आणि मधला दांडा खाली वळवलेली, आपण जिला लेडीज सायकल म्हणतो, तशी घ्या. सलवार-कुडत्यात चढ-उतर करायला तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही.

आता सीट स्वतः. तुमच्या मुलाच्या सायकलची सीट अरुंद आणि लांबुळकी असणार. आपण बसतो ते ओटीपोटाच्या खालच्या दोन हाडांवर. बायकांमध्ये या दोन हाडांतलं अंतर साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त असतं. अरुंद सीटवर ती हाडं कडेला लोंबकळतात आणि सगळा भार मधल्या नाजूक जागेवर येतो. यावर दुकानदार पहिली वस्तू पुढे करतो ती जेलचं मऊ कव्हर. घेऊ नका. अंगठ्याने दाबलं की फार छान वाटतं, पण तासभर बसलं की हाडं त्यात रुततात आणि मऊपणा मधोमध वर येऊन नेमका नको तिथे दाबतो. तुम्हाला मऊ नको, रुंद हवी.

किती रुंद? घरी मोजता येतं. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवा, त्यावर बसा, जरा पुढे झुका आणि टाचा उचला. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवा. तेवढ्या रुंदीची सीट मागा. पुठ्ठा घेऊन दुकानात जायला लाजू नका, कामाची माणसं त्याकडे बघून लगेच समजतात.

इथे माझे वडील आठवतात. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते आणि पर्वतीच्या पायथ्यापासून रोज सायकलने जात. भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जाई. पुणं सायकलींचं शहर होतं म्हणतात ते मी तिथे डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्या काळ्या सायकलची सीट चामड्याची, रुंद, खाली दोन जाड स्प्रिंगा. मी मोठेपणी माझ्या गिअरच्या सायकलला हौसेने अगदी तशीच सीट बसवली आणि आठवड्याभरात मांड्या सोलून निघाल्या. कारण पुढे मला कळलं. वडील ताठ बसत. ताठ बसलं की सगळं वजन सीटवर येतं, म्हणून तिला रुंदी आणि स्प्रिंगा लागतात. मी पुढे वाकून बसत होते. वाकल्यावर मांड्या सीटच्या कडांना घासतात, तिथे फार रुंद सीट चालत नाही. सीट आणि बसायची ढब जोडीनेच येतात. एक बदलली की दुसरी बदलावी लागते. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे, तुमच्या घरापासून ते फार लांब नाही. एखाद्या रविवारी तिथल्या सीटा आणि हँडलं एकमेकांशी कशी जुळवलेली आहेत ते नुसतं बघून या. मी सांगतेय ते एका नजरेत पटेल.

म्हणून मी तुम्हाला आधी थोडं ताठ बसवणार आहे. बधिर बोटांचं औषधही त्यातच आहे. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाकडे जाणारी नस तळहाताच्या बाहेरच्या कडेने, मनगटाजवळून जाते. हँडल लांब आणि खाली असलं की आपण हातांवर रेलतो, आणि ती नस हँडल व हाडाच्या मधे सापडते. आधी सीट पाण्याच्या पातळीत आहे का ते बघा. पुष्कळदा तिचं नाक खाली झुकलेलं असतं. मग आपण सारखे पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला रोखून धरतो. सीट समतल केली तरी निम्मा भार उतरतो. मग दुकानात जाऊन हँडल वर घ्यायला सांगा. हँडलला सायकलशी जोडणारा जो छोटा दांडा असतो, ज्याला दुकानात स्टेम म्हणतात, तो आखूड आणि वर वळलेला मिळतो. तो बदलला की हँडल तुमच्याकडे येतं. सीट पुढे-मागे सरकवूनही हे साधेल असं कोणी सुचवेल. थोडंफार सरकवायला हरकत नाही, पण फार पुढे घेतली तर पुन्हा गुडघे बोलायला लागतात.

ब्रेकच्या मुठी आडव्या असतील तर त्याही जरा खाली वळवून घ्या. बोटं ब्रेकवर ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत हवा, मनगट मोडलेलं नको. कोपर थोडं वाकलेलं ठेवा. खड्ड्याचा हिसका कोपराने घ्यायचा असतो. आणि आठवण ठेवून हात बदला. मी प्रत्येक सिग्नलला मुठी सोडून बोटं उघडते-मिटते. एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत बोटं सुटली नाहीत, किंवा रात्री झोपेतही मुंग्या येऊ लागल्या, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. नसेच्या बाबतीत थांबून बघायचं नसतं.

मुलाच्या सायकलचे टायर जाड आणि गुठळ्यांचे असतील. ते डोंगरवाटांसाठी असतात. डांबरी रस्त्यावर ते घूं-घूं आवाज करत तुमची ताकद खातात. झिजले की त्याच चाकाला बसणारे गुळगुळीत, जरा कमी रुंदीचे टायर घाला. तोवर निदान हवा बघा. टायरच्या कडेला किमान-कमाल आकडे छापलेले असतात. त्यांच्या मधली हवा ठेवा, मागच्या चाकात थोडी जास्त. पार्किंगमध्ये महिनोन्महिने पडलेल्या सायकलची ट्यूब हवा सोडतेच. घरी मीटरचा उभा पंप असावा, दर रविवारी हवा भरावी. कमी हवेचं चाक खड्ड्यात आपटलं की ट्यूब रिमवर चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अशी दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. आणि एकदा पूर्ण ओव्हरऑइलिंग, म्हणजे सायकल खोलून साफसफाई आणि तेलपाणी, करून घ्या. चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे येणारा वाकडेपणा, काढायला आणि ब्रेकचे रबर बघायला सांगा.

आता घाम. ऑफिसला सायकलने जाण्यातली खरी अडचण हीच आहे, आणि तिच्याविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही, बायका तर नाहीच.

पहिलं काम, सॅक पाठीवरून उतरवा. पुण्याची हवा मुंबईसारखी दमट नाही. उन्हाळ्यात तर ती इतकी कोरडी असते की पाठ उघडी असली तर घाम येता-येताच वाळतो. सॅकखाली तो वाळूच शकत नाही. शिवाय ते सगळं वजन सीटवर आणि हातांवर येतं, म्हणजे तुमच्या दोन्ही दुखण्यांना ते खतपाणी घालतं. मागे कॅरिअर बसवा. तुमच्या सायकलच्या मागच्या चाकापाशी कॅरिअरची भोकं नसतील तर सीटच्या दांडीला आवळायचं कॅरिअर मिळतं. डबा, पर्स आणि एक ड्रेस एवढ्याला ते पुरतं. कॅरिअरला बाजूने अडकवायच्या खास पिशव्या मिळतात, त्यांना पॅनिअर म्हणतात. त्या घेतल्या तर अडकवताना शक्य तितक्या मागे सरकवा, नाहीतर टाच प्रत्येक फेरीला पिशवीवर आपटते. डबा हँडलला लटकवू नका. वळताना तो झोका खातो आणि चाकात शिरतो.

दुसरं काम, सावकाश जा. तुम्हाला पाऊण तास लागतो, दहा मिनिटं आधी निघा. चालत्या सायकलवर वारा लागत असतो म्हणून घाम कळत नाही. आपण थांबतो, जिना चढतो, वारा बंद होतो आणि मग अंगातून धारा सुटतात. म्हणून शेवटचा एक किलोमीटर अगदी फिरायला निघाल्यासारखा घ्या, हलक्या गिअरवर. पोचल्यावर लगेच वर जाऊ नका. झाडाखाली पाच-सात मिनिटं उभ्या राहा, पाणी प्या. अंग निवलं की मगच वॉशरूममध्ये जा. तोंड, मान, मनगटं आणि काखा पाण्याने धुवायच्या, सुती पंच्याने पुसायच्या आणि वरचा कुडता बदलायचा. टर्किश टॉवेल नको, तो बॅगेत दिवसभर ओला राहतो. पंचा खुर्चीच्या पाठीवर तासाभरात वाळतो. ताज्या घामाला वास नसतो. अंगावरचे जंतू त्यावर काम करतात तेव्हा तो येतो. सकाळी अंघोळ करून, धुतलेल्या कपड्यात निघालात आणि पोचल्यावर एवढं केलंत तर शेजारच्या टेबलावरच्या बाईंना कळणारही नाही.

रोज ड्रेस वाहून न्यायची गरज नाही. घरचे स्कूटर-स्कूटर म्हणतात ना, तिचा इथे उपयोग करा. सोमवारी स्कूटरने जा. आठवड्याचे चार इस्त्रीचे ड्रेस, पंचा आणि चपलांचा जोड ऑफिसच्या कपाटात ठेवा, मागच्या आठवड्याचे घरी आणा. मंगळवार ते शुक्रवार अंगावरच्या साध्या कपड्यांत मोकळ्या जा. शिवाय सुरुवातीचा महिनाभर मधे आणखी एक दिवस विश्रांतीचा ठेवा. रोजच सायकलने गेलं पाहिजे अशी शपथ कोणी घातलेली नाही. स्नायूंना सावरायला दिवस मिळाला की दुसऱ्या दिवशी पाय स्वतःहून पुढे होतात.

जाताना काय घालावं? आसनाला जाड शिवण असलेले कपडे नकोत, म्हणून जीन्स बाद. घट्ट चुडीदार गुडघ्याला ओढतो. लेगिंग किंवा ट्रॅकपँट आणि मांडीपर्यंतचा कुडता सगळ्यात बरा. आतल्या कपड्यांच्या शिवणीही बघा. बसायच्या जागेचं निम्मं सोलवटणं त्या शिवणींनी होतं, आणि त्या जागेवर थोडी पेट्रोलियम जेली लावल्याने आराम पडतो. ओढणी मात्र घ्यायचीच नाही. १९९८ साली टिळक रोडवर माझी ओढणी मागच्या चाकात गेली. गळ्याला हिसका बसला आणि मी रस्त्यावर पडले. मागची बस वेळेवर थांबली म्हणून आज हे लिहिते आहे. तेव्हापासून ओढणी घडी करून पिशवीत असते. ऑफिसात पोचल्यावर घ्या.

चेनचं काळं म्हणजे जुनं तेल आणि धूळ. जुन्या बनियनचा तुकडा घ्या, चेन त्याच्या चिमटीत धरा आणि पायडल उलटं फिरवत राहा. फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत पुसा. मग चेनच्या प्रत्येक सांध्यावर एक-एक थेंब तेल, पाच मिनिटं थांबा, आणि वरचं तेल पुन्हा पुसून काढा. कामाचं तेल आत गेलेलं असतं, वर राहिलेलं फक्त धूळ गोळा करतं. खोबरेल घालू नका, चिकटा होतो. डिस्क ब्रेक असतील तर त्यांच्या गोल पत्र्यावर तेलाचा थेंबही उडता कामा नये. उजव्या पायाला घोट्याजवळ कापडी पट्टा बांधलात की कपड्याचं काम झालं.

रस्त्याविषयी तुम्ही काही विचारलं नाहीत, पण तुम्ही सगळा सिंहगड रोड धरून दांडेकर पुलाकडून जात असाल तर वाट बदलून बघा. राजाराम पूल ओलांडा आणि नदीकाठच्या डीपी रोडने म्हात्रे पुलाशी या. तिथून एरंडवण्यातल्या आतल्या गल्ल्या धरा, कर्वे रोड सिग्नलला ओलांडा आणि प्रभात रोड किंवा भांडारकर रोडने पुढे निघा. अंतर थोडं वाढेल, पण झाडांची सावली आहे, बस कमी आहेत आणि धूर कमी. उन्हाळा तोंडावर आलाय, एप्रिलमध्ये त्या सावलीची किंमत कळेल. म्हात्रे पुलाकडून नळस्टॉपच्या बाजूला हळूहळू चढ आहे. तो जाणवायच्या आधीच गिअर हलका करा, चढावर जोर लावून करू नका. गुडघ्यांसाठी नियम एकच, पाय भरभर फिरले तरी चालतील पण पायडल जड लागता कामा नये. मिनिटाला ७०-८० फेऱ्या झाल्या तर उत्तम. नदीपात्रातल्या रस्त्याने पावसाळ्यात जायचं मनात आणू नका. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की तो आणि भिडे पूल दोन्ही पाण्याखाली जातात.

रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवणं सुरक्षित वाटतं, पण तसं नाही. उभ्या गाड्यांपासून एका दाराएवढं अंतर ठेवा, कोण कधी दार उघडेल सांगता येत नाही. सायकल ट्रॅक असेल तिथे जरूर वापरा. मात्र पेव्हर ब्लॉक उखडलेले असतील, मधेच दुचाक्या लावलेल्या असतील, तर रस्त्याने जाण्यात काही गैर नाही. महापालिकेने २०१७ मध्ये सगळ्या शहरासाठी सायकल आराखडा केला, आणि तरी राजाराम पुलापासून शिवाजीनगरपर्यंत सलग सायकलसाठी राखलेली वाट आपल्याला अजून मिळालेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्यासारख्या बायका रस्त्यावर दिसू लागल्या तर ती मागायला आणखी आवाज मिळतील. मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा, दोन्ही रोज लावा, संध्याकाळ व्हायची वाट बघू नका.

पावसाचं जूनच्या आधी पुन्हा लिहा, ते वेगळं प्रकरण आहे. आत्ता फक्त दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवून घ्या. गिअरच्या सायकलींना ते बहुधा नसतात आणि मे महिन्याच्या शेवटी सगळे एकदम दुकानात धावतात.

घरच्यांना काय सांगायचं ते तुम्ही जास्त जाणता. मला वाटतं, वाद घालू नका. दुखणं दिसतं म्हणून ते काळजीने बोलतात. सीट आणि हँडल नीट झाल्यावर तुम्ही कण्हत जिना चढणार नाही, तेव्हा त्यांचा प्रश्न आपोआप विरेल. यजमानांनाच मागून कमर हलते का ते बघायला सांगा, टेप धरायला सांगा.

या शनिवारी सगळं एकदम करू नका. सीट समतल करा, उंची एक सेंटिमीटर वाढवा आणि सॅक उतरवा. एवढंच. आठवडाभर चालवा. मग स्टेम, मग पुठ्ठा मोजून नवी सीट. एका वेळी एक गोष्ट बदलली म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं. उंची मनासारखी जमली की सीटच्या दांडीवर नेलपॉलिशने बारीक खूण करून ठेवा. मुलगा सुट्टीत घरी आला की सायकल घेऊन जाणार आणि सीट वर करणार, हे ठरलेलंच. त्यालाही दुसऱ्या रंगाने त्याची खूण करायला सांगा. दोन खुणांमध्ये किती अंतर पडलं ते मला नक्की कळवा.